कौशल्याबाईचा दंडक

कोजागिरी झाली की पुढचा महिनाभर पूर्णेकाठच्या त्या गावात कोंबड्याच्या आधी कौशल्याबाई उठायची. दारोदार हाका मारत बायांना कार्तिकस्नानाला नेणं हे तिचं काम, सासूनं सोपवलेलं. एके काळी चाळीस बाया निघत. यंदा उरल्या सात.

नदीत आता वरच्या गावांचे नाले येतात. पाण्याला वास, अन् फेस तर विचारूच नका. दोन वर्षांपासून म्हातारीच्या पायांवर चट्टे उठले होते. अमरावतीच्या डॉक्टरनं पाण्यात उतरू नका म्हणून दम भरला, पण हिनं घरात ब्र काढला नाही. लुगडं घोट्यापर्यंत ओढून घ्यायची. पूर्णामायले नावं ठेवायची ती कोणत्या तोंडानं?

तिसऱ्या दिवशी शेजारची नवी सून रागिणी घाटावर आली. माहेर अकोल्याचं, पाचवा महिना, हौस दांडगी. चपला काढून ती पाण्याकडे निघाली आणि कौशल्याबाईनं तिचा हात धरला.

“थांब वं पोरी. पोटुशीनं कार्तिकात नदीत उतरू नाई. तसा दंडकच हाये.”

कसला दंडक न् कसलं काय! थोरल्याच्या वेळी ही स्वतः सातव्या महिन्यात याच पाण्यात कंबरभर उभी होती. पण बायांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी तान्ह्या लेकराच्या मंजुषानं विचारलं, “अन् अंगावर पाजणारीनं?” खरं बोलावं तर नदीची अब्रू जाते, खोटं बोलावं तर सोबत. म्हातारी म्हणाली, “तिनंबी नाई.” मग गुडघे दुखणारीनं विचारलं, मग शुगरवालीनं. पंधरवड्यात घाट ओस पडला. बाया घरीच नळाखाली अंघोळ करू लागल्या, कौशल्याबाई एकटीच जाऊ लागली. सासूचा वसा आपणच बुडवला, या विचारानं तिला जेवण गोड लागेना.

एकादशीच्या पहाटे ती निघाली, तर रागिणी अंगणात पाट मांडून उभी. शेजारी गरम पाण्याची बादली.

“आजी, बसा इथं.”

“काहून? मले नदीवर जायचं हाये.”

“सत्तरीच्या बाईनं उतरू नाई, असा दंडक हाये,” रागिणी हळूच म्हणाली. आदल्या दुपारी म्हातारीला ओट्यावर चट्ट्यांना तेल चोळताना तिनं पाहिलं होतं.

लुगडं गुडघ्यापर्यंत सारून कौशल्याबाई पाटावर बसली. पहिला तांब्या अंगावर घेताना सवयीनं “पूर्णामाय” म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. त्या दिवशी नदीवर कोणीच गेलं नाही.