प्रहसन पाहायला जमलेली माणसे

माझी कन्या अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात जुन्या अमेरिकी विनोदी लघुपटांवर प्रबंध लिहीत आहे. चित्रपट नुकताच बोलू लागला होता, त्या काळातले हे लघुपट पुढाऱ्यांची आणि त्यांच्या घोषणांची थट्टा करतात. गेल्या शरदात मी तिच्याकडे होतो. तिचा व्हिसा संपला होता; तिथे राहायला अडचण नव्हती, पण देशाबाहेर पडल्यास परतायला नवा लागणार होता. डिसेंबरात भारतात येऊन तो पुन्हा मिळवायचा आणि परतायचे, असे ठरले होते. प्रवास न झेपणारी तिची आई त्या भेटीसाठी दिवस मोजत होती.

त्याच सुमारास तिला एका लघुपटाचा जाहीर खेळ करायचा होता. त्यातला नगराध्यक्ष तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला परका ठरवून गाडीत बसवतो. शेवटी गावात तो एकटाच उरतो, आणि त्याचेच कागद सापडत नाहीत.

तिच्या घरात राहणारी नागपूरची मुलगी म्हणाली, "काका, हिला सांगा ना, विषय बदल म्हणून. व्हिसा देताना हल्ली मोबाइलवरचंही सगळं तपासतात. मी काँक्रीटवर रिसर्च करते. काँक्रीटला कोणी विचारत नाही, तू कोणावर हसलंस."

मी म्हणालो, "आपल्याकडेही राजासमोर प्रहसने होत. आरंभी नांदी, अखेरीस भरतवाक्य. मधल्या उपहासाला त्या दोन मंगलांचे कवच असे."

"बाबा," कन्या शांतपणे म्हणाली, "मोबाइलवर नांदी कोणी ठेवत नाही. मधला तुकडाच फिरतो."

तरीही तिने खेळ केला. सभागृहात बहुतेक परदेशी विद्यार्थी होते. नगराध्यक्ष स्वतःच्याच फर्मानात अडखळून पडला, तेव्हा मला मनापासून हसू आले. माझा आवाज एकटाच उमटला. बाकीचे हसले, पण आधी शेजाऱ्याकडे पाहून. कन्येने माझ्या हातावर हात ठेवला.

खेळ संपल्यावर एक विद्यार्थी अत्यंत नम्रपणे तिच्याकडे आला. कार्यक्रमाच्या फोटोत आपला चेहरा आला असेल तर कृपया तेवढा कापावा, एवढीच त्याची विनंती होती. तिने लगेच होकार दिला. मग बराच वेळ ती रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत राहिली.

परतताना बसमध्ये ती म्हणाली, "मी डिसेंबरला येत नाही, बाबा. तिकीट कॅन्सल करते."

"कोणी काही विचारले का?"

"नाही. विचारतील की नाही, हेच कळत नाही. एकदा बाहेर पडले आणि परत येऊ दिलं नाही, तर सगळं इथेच राहील."

"आईला?"

"तुम्ही सांगा."

भारतात, घरी, तेव्हा पहाट होती. तिची आई देवापुढे बसली असेल. तिची पूजा आटोपेपर्यंत मी फोन हातात धरून थांबलो.