लच्छूची अर्धी ओळ

माझ्या नवऱ्याचं नाव लच्छू. पाठीमागं मी त्याले लच्छूच म्हणते अन् तोंडावर ‘तुमी’ अन् ‘जी’ लावते, उगाच नावं ठेवू नका. वडसाच्या नाटक कंपनीत तो प्रॉम्प्टर आहे. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकाचे मंडप लागतात. नट सकाळच्या गाडीनं येतात अन् त्याच रात्री स्टेजवर उभे राहतात. पाठ कराले टाइम कुठी? मंग पडद्याच्या आडोशाले, विंगेत, लच्छू उभा राहते. अर्धी ओळ हळूच सांगते अन् थांबते. नट ती जोरात म्हणते, मंग बाकीची अर्धी. राजा मरते, पोरगी पळते, सासू रडते, सगळं आधी लच्छूच्या तोंडातून जाते. टाळ्या मात्र दुसऱ्याले.

इतकी वर्षं फुसफुसून त्याचा आवाजच बसून गेला. घरीही तसंच. ‘कमळा, वरणात मीठ नाई’ हे असं सांगते, जसं कोणाची चोरीच सांगून राह्यला. रस्त्यानं ऑटोवाल्याले हाक माराची तं ती मी माराची. माझा आवाज म्हणाल तं रेल्वे फाटकापर्यंत जाते. आमचं चर्च लहानसं आहे. कोणाच्या घरी दुखणं असो, बाळंतपण असो, प्रार्थनेले पहिलं बोलावणं कमळाबाईले. मी डोक्यावर पदर घेतला की शेजारच्या कोंबड्याही गप होतात. लच्छू एकदा म्हणे, “तू एवढी जोरात काऊन बोलते? देव का नागपूरले राहते?” मी म्हटलं, “तुमाले काय समजते जी? तुमचं तं त्याले ऐकूही येत नसन!” तो हसला. हसतेही हळूच, मेला.

एका रविवारी पाळकसाहेबाले काय सुचलं कोण जाणे. म्हणाले, “आज लच्छूभाऊ प्रार्थना करतील.” झालं! लच्छू उभा राह्यला. बाजूले लहानूभाऊ बसले होते. हे आमच्या कंपनीतले जुने खलनायक, आता रिटायर. लच्छूनं सवयीनं मान त्यांच्याकडे वळवली, अर्धी ओळ फुसफुसला, ‘हे दयाळू बापा,’ अन् थांबला. लहानूभाऊ सवयीनं उठले अन् छातीवर हात ठेवून गरजले, “हे दयाळू बापा!” मंग काय, सगळी प्रार्थना तशीच झाली. अर्धी ओळ याची, गर्जना त्यांची. बाया पदरानं डोळे पुसून राह्यल्या. बाहेर निघाल्यावर जो तो लहानूभाऊचा हात धरून सांगते, “काय प्रार्थना केली भाऊ!” अन् त्यांनीही बिनधास्त म्हणून घेतलं. मी घरी येऊन लच्छूले चांगलं झाडलं. तो म्हणे, “ज्याले ऐकाचं त्यानं ऐकलं ना. झालं तं मंग.”

यंदा पावसाळ्यानंतर माझं पोट दुखाले लागलं. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरीणबाईनं तपासलं अन् सांगितलं, पिशवीत गाठ आहे, पिशवी काढा लागते. “कमरेत सुई देऊ, तुम्ही जाग्याच राहाल, काही कळणार नाही.” मी हसून हो म्हटलं. चर्चमधी सगळ्यायले सांगितलं, मले काय होते? देव आहे ना! पण खरं सांगते, माझी मोठी बहीण सुकरी याच आपरेशनले गेली होती. तिचं रक्त थांबलं नाई. ती घरी वापस आली नाई. तेच भेव मनात होतं, पण ते मी कोणाले बोलली नाई, लच्छूलेही नाई.

आपरेशनच्या दिवशी प्रार्थना कराले लहानूभाऊ येणार होते. मीच बोलावलं होतं. निदान एक तं खणखणीत आवाज पाह्यजे! पण त्यांची बस रस्त्यात बंद पडली. हिरवा गाऊन घालून मले गाडीवर झोपवलं अन् नर्स ढकलाले लागली. मी म्हटलं, जाऊ दे, मीच करते. आजपर्यंत कितीकाच्या उशाशी केली. डोळे मिटले, तोंड उघडलं, अन् अरे बाप्पा! एक शब्द येईन तं शप्पथ. डोकं कोरं. फक्त सुकरीचं तोंड दिसून राह्यलं. कुठी गेला माझा देव, असं वाटलं. मले खरंच भेव लागलं.

तेवढ्यात उजव्या खांद्यापाशी फुसफुस ऐकू आली. गाडीसंगं लच्छू चालून राह्यला होता.

“बापा,” तो म्हणाला अन् थांबला.

“बापा,” मी म्हटलं.

“तू इथीच आहेस.”

“तू इथीच आहेस.”

“मले लय भेव लागते.”

मी खाडकन डोळे उघडले. “तुमाले कोणं सांगितलं जी, मले भेव लागते म्हणून?”

“पुढं म्हण,” लच्छू म्हणाला.

मी रागानंच म्हटलं, “मले लय भेव लागते.” अन् म्हणताबरोबर डोळ्यातून पाणी सुरू झालं. अख्ख्या जिंदगीत मी देवाले हे सांगितलं नव्हतं. दुसऱ्यासाठी बळ मागितलं, शांती मागितली. आपलं भेव कधी त्याच्यापुढं ठेवलंच नाई.

“सुकरीसारखं होईन का,” लच्छू म्हणाला. त्याले सगळं ठाऊक होतं.

ते म्हणाच्या आधीच दार आलं. नर्स म्हणाली, “काका, तुम्ही इथंच थांबा.” गाडी आत गेली अन् दार लागलं.

आत थंडी अशी की दात वाजाले लागले. कमरेत सुई दिली, छातीपुढं हिरवा पडदा बांधला. पाय आपले नाई राह्यले, कान मात्र जागे. चिमट्याचा आवाज आला. पुढची ओळ मनात शोधली. सापडली नाई. आता सांगाले खांद्यापाशी कोणी नव्हतं.

अन् मंग दाराबाहेरून एक आवाज आला. मोठा, फाटका, भसाड्या गळ्याचा.

“बापा, सुकरीसारखं होईन का असं वाटते!”

मले वाटलं, लहानूभाऊ आले. पण आवाज थांबला. बाहेर एकदम शांत. लहानूभाऊ एकदा सुरू झाले तं थांबत नाईत. अशी अर्धी ओळ टाकून वाट पाहणारा आमच्या मुलखात एकच माणूस आहे.

मी पडद्यामागून म्हटलं, “बापा, सुकरीसारखं होईन का असं वाटते.”

“पण तू मले सोडत नाईस!”

“पण तू मले सोडत नाईस.”

“कोण ओरडून राहिलं ते?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नर्स बाहेर पळाली. तिनं दटावलं असन, तरी तो थांबला नाई. मी म्हटलं, “माझा माणूस आहे बाई.” त्यांनी माझ्याकडे पाह्यलं अन् कामाले लागल्या. तो बाहेरून टाकत गेला, मी आतून उचलत गेली. भेव गेलं असं नाई म्हणत मी. भेव होतंच. पण त्या थंड खोलीत मी एकटी नव्हती, अन् मी फक्त लच्छूची गोष्ट करून नाई राह्यली. शब्द तो बाहेर म्हणे, पण ज्याले म्हणे तो माझ्या उशाशी होता. हे मले कोणी पटवून देल्लं नाई. मले ते कळलं.

संध्याकाळी वॉर्डात लच्छू आला. कान लाल, गळा असा बसला की फुसफुसही धड निघेना. दारापाशीच नर्सनं पुन्हा त्याले ऐकवलं, हॉस्पिटल आहे की नाटकाचा मंडप म्हणून. तो मान खाली घालून उभा.

मी त्याचा हात धरला. “एवढा आवाज कुठून आणला जी?”

“मागितला,” तो म्हणाला. “दार लागलं. तुले ऐकू गेलं पाह्यजे होतं. माझ्यापाशी तं नव्हता.”

“मंग?”

“देल्ला त्यानं.”

मले हसू आलं, टाके ओढले गेले, अन् मी रडली.

“मंग आता वापस नका करू,” मी म्हटलं.