ऊन ताट

मथुरामावशी गेल्याचा फोन आला, तेव्हा आश्रमात दुपारची पंगत बसत होती. मी कुणालाच काही बोलले नाही. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर सांगितलं... त्यालाही आता महिना होऊन गेला. जेवण गार झालेलं मावशींना खपलं नसतं.

घाटनांदूरजवळच्या आमच्या वृद्धाश्रमात त्यांनी बारा वर्षं स्वयंपाक केला. मी व्यवस्थापक, घड्याळाची गुलाम. त्या नवीन असताना मी हुकूम सोडला, की घंटेआधीच ताटं वाढून ठेवायची. मावशी म्हणाल्या, "म्याडम, माणूस बसायच्या आधी पान वाढतेत ते पित्तरांना. ही तर जित्ती माणसं हायेत." हुकूम तिथंच बारगळला. माणूस टेकला की मगच त्या वाढायच्या, तेही ताट उकळत्या पाण्यातून काढून, पुसून. "गार ताटात ऊन वरण काहून वाढायचं?" मी हौसेनं आणलेल्या हॉटपॉटात भाकरीला घाम सुटतो म्हणून त्यांनी त्यात कांदे भरले, भाकरी जुन्या लुगड्यात गुंडाळूनच राहिल्या. लसणाची फोडणी मात्र शेगडी व्हरांड्यात नेऊन द्यायच्या. जेवायचं नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून पडलेले नाना त्या वासानं उठून बसायचे.

स्वतः मावशी सगळ्यांच्या शेवटी, ओट्याला टेकून, उरलंसुरलं गारढोण खायच्या. बारा वर्षं मी ते बघितलं आणि एकदाही त्यांना ताट वाढलं नाही. याची मला लाज वाटते.

मावशींच्या शेवटच्या आठवड्यात मी मुगाचं वरण नि मऊ भात घेऊन त्यांना भेटायला दवाखान्यात गेले. बस उशिरा आली, मग डॉक्टरांची वाट बघण्यात तास गेला. डबा उघडला तर वरण थिजलेलं. मावशींनी घास उचलला, त्यावर हलकेच फुंकर मारली. "लई ऊन हाय वो म्याडम," म्हणाल्या. त्या माझ्याशी खोटं बोललेल्या मला तेवढंच आठवतं.

तेराव्याला आश्रमात त्यांचं पान वाढायचं ठरलं. समोर बसणारं कुणी नव्हतं... मी पातेलंभर पाणी उकळलं, ताट त्यातून काढलं, पुसलं. बोटं भाजली. ताट हातात धरून तशीच उभी राहिले. वाढवेना.

शेवटी मागून नानांचा आवाज आला, "वाढा म्याडम लवकर. ताट गार व्हायलंय."