दोनदा पोलाद बसवलेली कुऱ्हाड

पेनसिल्व्हेनियातल्या त्या खोऱ्यात जुन्या हत्यारांचं प्रदर्शन भरायचं, आणि लिओरा हिंकल तिथं अकरा वर्षं कोंबडी-मक्याचं सूप वाढत आली होती. घरी कोठाराच्या भिंतीवर तिच्या बावीस कुऱ्हाडी होत्या, सगळ्या अमेरिकेवर इंग्रज राजाचा अंमल होता तेव्हाच्या, लोहारांनी हातानं घडवलेल्या. पण प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाच्या मोठ्या टेबलावर तिची एकही कधी लागली नव्हती. यंदा जागा मिळाली. शाळेची बस चालवण्यात जन्म घालवलेली ही बाई इस्त्रीचा शर्ट घालून, आपली सगळ्यात आवडती कुऱ्हाड घेऊन आली.

अध्यक्ष मर्ल ट्रेक्सलरनं भिंग लावलं आणि धारेपासून दोन बोटांवर नख टेकवलं.

"लिओरा, इथं जोड दिसतोय. कुणीतरी नवं पोलाद बसवलंय."

"बसवलंय की. दोनदा."

"मग ही अस्सल नाही. टेबलावर फक्त अस्सल, नियम आहे. असं कर, जरा घासून आण. रेघ जाईल, मीही काही बोलणार नाही."

लिओराच्या डोक्यात तिडीक गेली. ज्या कुऱ्हाडीनं निम्म्या खोऱ्याच्या घरांचे वासे तासले, तिनं लाजायचं कशाला?

"अरे शहाण्या, काम केलं की धार झिजते. झिजली की लोक लोहाराकडे न्यायचे. या टेबलावरची तुझी कुऱ्हाड कोरी करकरीत राहिली, कारण तिला कुणी कामालाच लावलं नाही. आणि तू तिचंच कौतुक करतोस."

"नियम काही मी केलेला नाही."

"मग मोडायला तुझं काय जातंय?"

मर्लनं भिंग खिशात घातलं. लिओरानं कुऱ्हाड उचलली आणि सरळ सुपाच्या पातेल्याशेजारी नेऊन ठेवली. कागदी ताटलीवर ठळक अक्षरांत लिहिलं: 'दोनदा दुरुस्त. हात लावा.'

दुपारी रांग लागली. आधी कुऱ्हाड उचलायची, मग सूप, असं तिनं प्रत्येकाला बजावलं. लोक हसत उचलायचे, जोडावरून अंगठा फिरवायचे आणि तिथंच रेंगाळायचे. मोठ्या टेबलापाशी चिटपाखरू नव्हतं.

शेवटी मर्ल वाडगा घेऊन आला.

"माझाही नियम आहे," लिओरा म्हणाली.

त्यानं वाडगा खाली ठेवला. दोन्ही हातांनी कुऱ्हाड तोलली आणि बराच वेळ धरून राहिला.

"आण टेबलावर," तो हळूच म्हणाला. "मधली जागा देतो."

अकरा वर्षं तिनं याच शब्दांची वाट पाहिली होती. तिनं त्याचा वाडगा काठोकाठ भरला.

"ही इथंच बरी आहे. तुझी आण इकडं. तिलाही कुणीतरी हात लावू दे."