‘आहे तसा घेऊन या’ म्हणणारे डॉक्टर

डॉ. गुरुनाथ हत्तुरे सरांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. आई, मी आणि धाकटा भाऊ प्रशांत सकाळपासून त्यांच्या मनोविकारांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसलो होतो आणि दुपार कलली तरी आमचा नंबर लागत नव्हता. आत गेल्या गेल्या मी विचारलं, की सोलापुरात घड्याळं मिळत नाहीत का. सर शांतपणे म्हणाले, की आत आलेला माणूस बोलायचा थांबेपर्यंत ते पुढच्याला बोलावत नाहीत. तुमच्याही वेळी बाहेरचे असेच चिडतील, असंही म्हणाले. खरोखर चिडले. आम्ही बाहेर आलो तेव्हा बाकावरच्या एका बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहिताना संपादकांनी मला सुचवलं, की लेख उमेद देणारा असावा. प्रयत्न केला, जमलं नाही. सरांविषयी खोटं लिहिणं त्यांना आवडणार नाही आणि मला तर लिहिताच येणार नाही.

आमचं घर सोलापूरच्या बुधवार पेठेतलं. वडील रेल्वेत होते, त्यांनी आम्हा दोघांना शिकवलं. प्रशांत एका सर्व्हेअरच्या ऑफिसात नकाशे काढायचा; हात इतका स्वच्छ की साहेब त्याचे कागद लोकांना दाखवायचे. एका उन्हाळ्यात त्याची झोप गेली. सबंध शहराचे नवे रस्ते आखलेला कागद घेऊन तो महापालिकेत जाऊन बसू लागला. आपल्याला वरून आदेश आहे, म्हणायचा. पुढे सगळा जोर ओसरला आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. जेवायलाही उठवावं लागे. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं लग्न करून टाका. सरांनी उन्माद आणि नैराश्य या दोन टोकांचा आजार सांगितला, मन ताळ्यावर ठेवणारं औषध आणि भास थांबवणारं औषध अशी दोन्ही सुरू केली, आणि प्रशांत हळूहळू उठून बसला. ऑफिसातही जाऊ लागला.

इथे आमच्या आईची एक पद्धत सांगायला हवी. डॉक्टरकडे जायचं म्हणजे तिच्या लेखी मुलगी बघायला जायचं. आदल्या दिवशी शर्टाला इस्त्री, सकाळी डोक्यावरून आंघोळ, दाढी, केसांना तेल. वाटेत रिक्षात ती त्याला शिकवायची, ‘सरांपुढं ताठ बस. इचारलं तर बरं हाय म्हन.’ गरिबीतून वर आलेल्या घराला चारचौघांत नीटनेटकं दिसण्याची जी ओढ असते ती यात होती. प्रशांत आज्ञाधारक. सरांपुढे ताठ बसायचा, हसून बोलायचा, बरं आहे म्हणायचा. भासाच्या औषधाने त्याचं वजन वाढलं होतं, दिवसा पेंग यायची. आई सरांच्या मागे लागली, की आता स्थळं यायला लागलीत, ती गोळी तेवढी बंद करा. समोर बसलेला मुलगा हसतमुख होता, मनाचा तोल उत्तम होता. सरांनी ती गोळी टप्प्याटप्प्याने कमी केली आणि बंद केली.

त्यानंतर काही आठवड्यांनी प्रशांत घरातून नाहीसा झाला. मोहोळच्या बाजारापाशी एका चहावाल्याने त्याला सावलीत बसवून ठेवलं आणि त्याच्या खिशातल्या फोनवरून मला कळवलं. तो हायवेने चालत गेला होता. चपला कुठेतरी राहिल्या होत्या, तळपायाची सालटी निघाली होती. त्याला दुःख नव्हतं की उत्साह नव्हता. अगदी नेहमीच्या आवाजात तो मला म्हणाला, की चाल म्हणत होते म्हणून चाललो. कोण म्हणत होते, तर तेच, जे कायम बोलतात. ‘मन चांगलं असतं तेव्हाबी बोलतात, आक्का. तुम्ही कुणी इचारलंच नाही.’

त्याला घेऊन आम्ही थेट सरांकडे गेलो, त्या दिवशी आंघोळीविना. आई रडत स्वतःला दोष देत होती. सरांनी तिला थांबवलं आणि दवाखान्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘आई, चूक तुमची नाही, माझी आहे. मी त्याचं मन बघत बसलो. मन चांगलं असताना आवाज येतात का, हे मी खोदून विचारायला हवं होतं. इस्त्रीचा शर्ट बघून फसलो.’ पदव्यांच्या पाट्या लावून बसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांपैकी कुणाच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलेलं नाही.

त्या दिवशी सरांनी आम्हाला आजाराचं नाव सांगितलं: स्किझोअफेक्टिव्ह डिसऑर्डर. आईला ते उच्चारता येईना, तेव्हा त्यांनी साध्या भाषेत समजावलं. एका घरात दोन भाडेकरू आहेत. एक मनाची भरती-ओहोटी आणणारा, तो येतो-जातो. दुसरा भास आणि भ्रम घेऊन बसलेला. पुष्कळदा दोघं एकदमच गोंधळ घालतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. पण पहिला गावाला गेला तरी दुसरा घरातच असू शकतो. म्हणून दोघांसाठी औषध लागतं, रक्त तपासत राहावं लागतं, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने काही बंद करायचं नसतं. आईने विचारलं, पोरगा पहिल्यासारखा होईल का. सर म्हणाले, ‘तसं वचन देत नाही. त्याचा त्रास कमी करू, त्याला सांभाळू. मी आहे तोवर सोडणार नाही.’ त्या वाक्यातलं ‘आहे तोवर’ तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

पुढे दवाखान्यात नवा शिरस्ता पडला. नंबर घेताना प्रत्येक नातेवाइकाला सांगितलं जाऊ लागलं, की माणसाला आहे तसा घेऊन या, नटवून आणू नका; आणि बरा असेल त्या दिवशी तर नक्कीच आणा. लोकांना हे विचित्र वाटायचं. बरा असताना डॉक्टरकडे कोण जातं? न येणाऱ्यांच्या घरी रविवारी सर स्वतः न सांगता जायचे, चहा मागायचे आणि गप्पांच्या ओघात हळूच विचारायचे, की हल्ली कोण बोलतं का. हे सांगण्याचं, समजावण्याचं काम पुढे माझ्याकडे आलं. मी शाळेतली नोकरी सोडून समुपदेशनाचं शिक्षण घेतलं आणि सरांच्या हाताखाली नातेवाइकांच्या बैठका घेऊ लागले. माझं बोलणं तिखट आहे अशी तक्रार गेली की सर म्हणायचे, की गोड बोलायला मी आहे की.

सरांनी सगळ्यांना वाचवलं असं कुणी या ग्रंथात लिहिलं असेल, तर ते खरं नाही. अक्कलकोटची एक मुलगी होती, प्रशांतच्याच आजाराची. चांगली सावरली होती. लग्न ठरलं आणि सासरी गोळ्या दिसायला नकोत म्हणून घरच्यांनी त्या बंद केल्या, आम्हाला न कळवता. ती जिवानिशी गेली. बातमी आल्यावर सर अक्कलकोटला निघाले, मी बरोबर होते. मला वाटलं होतं, ते वडिलांना रागावतील. मी तर पुष्कळ बोलणार होते. सर ओसरीवर त्यांच्याशेजारी बसले, कानडीत एवढंच विचारलं की जेवलात का, आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले. परतताना गाडीत त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मला म्हणाले, ‘आपण औषध देतो, सुजाता. लाज घालवायचं औषध माझ्याकडे नाही.’ ते औषध अजून कुणाकडेच नाही, हे मी दर बैठकीत पाहते.

आता सरांचे हात थरथरतात. डोळ्यांनी दगा दिला आहे. येत्या वाढदिवसानंतर दवाखाना बंद करायचं त्यांनी ठरवलं आहे आणि त्यांना थांबा म्हणण्याचा मला अधिकार नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेले दोघे पुण्याला गेले. शहरात चांगले डॉक्टर आहेत, पण त्यांच्या दारात रांगा आहेत, आणि माणूस बोलायचा थांबेपर्यंत थांबणं कुणाला परवडत नाही. मी प्रशांतला दोन ठिकाणी नेऊन पाहिलं. दोन्हीकडे तो ताठ बसला आणि बरं आहे म्हणाला.

प्रशांतचं लग्न झालं नाही. नोकरी टिकली नाही. वडिलांमागोमाग आईही गेली. घरात तो आणि मी. मधूनमधून पहिला भाडेकरू येतो, दुसरा तर हललेलाच नाही. फक्त सरांच्या औषधाने तो हळू आवाजात बोलतो. या आजारातून उठून संसाराला लागलेली माणसं आहेत, मी त्यांना ओळखते, त्यांच्या आनंदात जेवून आले आहे. आमच्या वाट्याला ते आलं नाही. सरांनी सगळं करूनही आलं नाही.

अशा लेखाचा शेवट शुभेच्छांनी करायचा असतो, म्हणून मी प्रशांतलाच विचारलं, की सरांसाठी काय लिहू. तो म्हणाला, ‘लिही की, माझ्याआधी जाऊ नका म्हणावं.’

प्रशांत अजून पन्नाशीलाही आलेला नाही. त्याची इच्छा पुरी व्हायची तर दोनच वाटा आहेत आणि त्यांतली एक मी मनातसुद्धा आणू शकत नाही. म्हणून सर, तुम्ही शंभरी गाठा, तिच्याही पुढे जा, आणि तब्येतीला जपा. आमच्याकडे दुसरी सोय नाही.