वादळाच्या रात्रीचा ठिपका

तुम्ही कधी न पाहिलेली गोष्ट 'मी स्वतः पाहिली' असं छापून लोकांना वाटली आहे का? मी वाटली आहे. धानोऱ्याच्या आठवडी बाजारात, मुलचेऱ्याच्या बसस्टँडवर, चंद्रपूरला जाणाऱ्या एसटीत, हसत हसत.

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबांच्या पलंगाखाली त्यांचे गठ्ठे असायचे आणि मी अक्षरं त्यांच्यावरच लावायला शिकले. मोठी झाल्यावर स्वतः लिहू लागले. अंगारे-धुपारे, करणी, भानामती, सगळ्यांच्या विरोधात लिहिलं. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी माझी एकच ओळ असायची: आधी पाहा, मगच माना.

त्या वर्षी मोहाच्या हंगामात मी धानोरा तालुक्यातल्या एका टोल्यावर, जंगलालगतच्या छोट्या वस्तीवर, दहा दिवस राहिले. वेस्टा नावाचा लघुग्रह त्या दिवसांत साध्या दुर्बिणीतून दिसण्याइतका उजळ होता. दिसतो ताऱ्यासारखाच. फरक एवढाच की तारे एकमेकांपासून हलत नाहीत आणि हा त्यांच्यामधून रोज थोडा थोडा सरकतो. रोज एका वेळी पाहायचं, शेजारच्या ताऱ्यांवरून त्याची जागा कागदावर मांडायची आणि दहाव्या दिवशी ठिपके जोडून वाट काढायची. तो कागद मी टोल्याला दाखवणार होते आणि पुढच्या पत्रकात छापणार होते. आकाशातलं काही कळायला पुजाऱ्याकडे जावं लागत नाही, हे मला दाखवायचं होतं.

मी जिच्या घरी उतरले होते ती बाई साठीची. मोहाची फुलं वेचायला कधी निघायचं ते टोल्याला तीच सांगायची. फुलं पहाटे पडतात. फार लवकर गेलं तर झाडाखाली अस्वल असतं, उशीर झाला तर गुरं नि हरणं फुलं खाऊन जातात. बाई अंगणात उभी राहून वर पाही आणि मग घराघरासमोर जाऊन हाक मारी. पहिल्या रात्री तिनं मला सप्तर्षी दाखवले. तिच्यासाठी ते ऋषी नव्हते. चार तारे म्हणजे एका म्हातारीची बाज, तिची खाट, आणि मागचे तीन म्हणजे बाज चोरायला आलेले चोर. म्हातारी झोपत नाही, म्हणून बाज चोरीला जात नाही. बाज पश्चिमेला अमुक इतकी कलली की टोपल्या उचलायच्या. मी ते वहीत 'लोकसमजुती' या मथळ्याखाली लिहून घेतलं.

दुर्बीण मी अंगणातल्या बांबूच्या बेचक्यात बांधली होती. मोहाला निघण्याआधी मी पाहायची, माझ्यानंतर बाई पाहायची. पहिल्या दिवशी मी तिला तीन ताऱ्यांचा त्रिकोण दाखवला आणि म्हटलं, यातला खालचा उद्यापासून चालायला लागेल.

तो चालला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशीही नाही. मला वाटलं, आपल्याच डोळ्यांना कळत नाहीये. मोबाईलवर आकाशाचा नकाशा होता, त्यात लघुग्रह रोज कुठे असेल ते दिसत होतं. पहिल्या दिवसापासूनचे सगळे ठिपके मी त्यावरूनच कागदावर ठेवले. 'निरीक्षण' या रकान्यात वेळही लिहिली.

सहाव्या रात्री वादळ आलं. छपरांवरचे कवेलू उडाले, मोह सगळा चिखलात गेला. पहाटे टोल्यातलं कोणीच निघालं नाही. आकाश सकाळपर्यंत काळं होतं. मी मोबाईलच्या उजेडात सहावा ठिपका ठेवला. ओळीत खंड पडला तर कागद वाईट दिसेल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

त्याच दिवसांत बाई पडवीच्या भिंतीवर चिंचोके लावत होती. चिमूटभर ओली माती भिंतीला दाबायची, त्यात एक चिंचोका. आधी चार-पाच इकडेतिकडे लावले, मग रोज एक. मला ती भिंतीची सजावट वाटली. छान आहे म्हणून दहाव्या दिवशी सकाळी मी मोबाईलवर फोटो काढून ठेवला.

दहाव्या दिवशी संध्याकाळी शाळेसमोर सगळे जमले. मी कागद उंच धरून वाट समजावून सांगितली. हे कोणत्याही मंत्राशिवाय, फक्त डोळ्यांनी केलं, असं म्हटलं. बायकांमधून बाई उठली.

"मॅडम, तुमी दाखवला तो तारा हाल्लाच नाई. त्याच्या बाजूचा हाल्ला. अन् वादळाच्या राती तुमाले कुठी दिसला तो?"

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. ती खरंच विचारत होती. आणि मला उत्तर माहीत होतं. मी थोडी थांबले असते तर कदाचित खरं बोलले असते. मी थांबले नाही.

"बाई, तुमच्या बाजेचे चोर पकडा आधी," मी म्हटलं. "माझा तारा त्यांनीच हलवला असेल."

लोक हसले. मीही हसले. बाई पदर सावरून खाली बसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे हाक आली नाही. टोल्यातल्या पोरींनी मोबाईलवर गजर लावले होते. एक जण जाता जाता अंगणाकडे बघून म्हणाली, "काऊन वो आत्या, चोर सापडले का?" बाई चुलीपाशी होती. तिनं वर पाहिलं नाही. मी दुर्बीण सोडून पिशवीत भरली आणि पहिल्या गाडीनं गडचिरोलीला गेले. पत्रक छापायला टाकलं. नकाशा मागच्या पानावर, खाली माझं नाव.

वाटून झाल्यावर एके दिवशी मोबाईलमधले फोटो काढून टाकत होते, तेव्हा ती भिंत समोर आली. मी फोटो मोठा केला. इकडेतिकडे लावलेले चिंचोके म्हणजे दुर्बिणीत दिसणारे तारे होते. त्यांच्यामधून एक ओळ निघाली होती. मी पत्रक शेजारी ठेवलं. माझी ओळ आणि तिची ओळ एकच होती. तेच वळण, तीच दिशा. माझा त्रिकोणातला खालचा तारा तिच्या भिंतीवर जागच्या जागी होता. ओळ त्याच्या बाजूनं निघाली होती. एकच फरक होता. पाचव्या चिंचोक्यानंतर तिनं बरोबर एका चिंचोक्याची जागा मोकळी सोडली होती.

वादळाच्या रात्री तिला काही दिसलं नव्हतं, म्हणून तिनं काही लावलं नव्हतं. माझ्या नकाशातली वाट बरोबर आहे. पण त्या वाटेवरचा एकही ठिपका मी पाहिलेला नाही. नऊ पहाटे तो लघुग्रह टोल्यावर एकाच माणसानं पाहिला आणि त्या माणसाचं मी गावासमोर हसं केलं. ज्या गोष्टीवरून ती आभाळ वाचायची, तीच गोष्ट तिच्या तोंडावर फेकली.

मी परत गेले. बाई पडवीत मोह वाळत घालत होती. मी खाली बसून सगळं सांगितलं, मोबाईलचं, सहाव्या ठिपक्याचं, सगळं. माफी मागितली. ती फुलं पसरवत राहिली. मग म्हणाली, "हासल्या त सगळ्यायच्या समोर. अन् माफी मले एकटीले काऊन मांगता?"

मी त्याच संध्याकाळी शाळेसमोर लोकांना बोलवायला निघाले. हंगाम संपत आला होता, अर्धा टोला जंगलात होता. पाच-सहा जण आले. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि घरी गेले. पहाटे मी जागी राहून हाकेची वाट पाहिली. गजरच वाजले.

टोल्यावर मी पुन्हा जाईन, सगळे असतील तेव्हा. पण पत्रक माझ्या हातून कुठे कुठे गेलं हे मला आता माहीत नाही. म्हणून तुमच्याकडे एवढंच मागते. ते तुमच्याकडे असेल तर मागच्या पानावरचा सहावा ठिपका खोडा. माझं नाव खोडा आणि तिथं लिहा: ही वाट धानोरा तालुक्यातल्या एका मोह वेचणाऱ्या बाईनं पाहिली. आणि पत्रक तुम्ही पुढे कोणाला दिलं असेल, तर हे त्याला वाचून दाखवा. एकट्याला नको, चार माणसं बसलेली असतील तेव्हा.