पहिल्या रकान्यातलं नाव

जालन्यात फ्लॅट घ्यायचाय म्हटलं की लोक आपल्याकडे डोक्यावर परिणाम झाल्यासारखं बघतात. कचेरीत विषय काढला तर जो तो म्हणाला, प्लॉट घ्या. पायाखाली स्वतःची जमीन पाहिजे, सोसायटी म्हणजे रोजची कटकट. सल्ला देणाऱ्यांपैकी कुणालाही माझ्या आईला जिना चढवून न्यायचं नव्हतं. जालन्यातच मस्तगडला आम्ही दोघी दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो आणि गुडघ्यांमुळे आई फक्त दवाखान्यात जायला खाली उतरायची.

मी शेहेचाळीस वर्षांची, लग्न न केलेली, रोज बदनापूरला नोकरीवर जाऊन येणारी बाई. वडील गेल्यापासून आई माझ्याकडेच. एका सोसायटीत एक फ्लॅट विकायला होता, त्याचा मी महिनाभर विचार केला. लिफ्ट होती. बोअरला पाणी होतं, म्हणजे नळ कधी येतो म्हणून रजा टाकायला नको. जमीन अजून बिल्डरच्याच नावावर होती, सोसायटीच्या नाही, हे खटकत होतं. पण प्लॉट घेतला तर गवंड्यांच्या मागे फिरायला मला वेळ कुठला? शिवाय सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव आपलं असलं की सभेत मत आपलं. मला ते आवडलं होतं. आयुष्यात एका ठिकाणी तरी.

चूक केली ती घर बघायला जाताना. माझा धाकटा भाऊ मंठ्याला असतो, खता-बियाण्यांचं दुकान आहे त्याचं. त्याला बोलावून घेतलं, कारण घर बघायला जाताना सोबत पुरुष माणूस असावा अशी आपल्याकडे रीत. फ्लॅटचे मालक, सोसायटीचे सेक्रेटरी आणि भाऊ हॉलमध्ये बसले. मालकीणबाई मला म्हणाल्या, "या ना, किचन बघा." आणि मी उठून गेले. कुणी ढकललं नाही मला. ओट्याची उंची बघितली, देवघराची जागा बघितली, कपाटांची दारं उघडून बघितली, कौतुक केलं, चहा प्याले. बाहेर माझ्या घराचं ठरत होतं आणि मी आत मसाल्याचे डबे कुठे ठेवायचे ते बघत होते. आजही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आठवड्यानं सभासदत्वाचा फॉर्म भरायला आम्ही तिघं सोसायटीच्या ऑफिसात गेलो. आईनंही येऊन घर बघावं असा माझाच हट्ट. फॉर्म टाइप होऊन तयार होता. पहिल्या रकान्यात सभासद म्हणून भावाचं नाव. माझं त्याखाली, सहसभासद.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमचं नाव आहे की मॅडम," सेक्रेटरी म्हणाले. "दुसऱ्या नंबरला. त्या दिवशी यांच्याशी बोलणं झालं होतं."

पैसे माझे, कर्जाचा हप्ता माझ्या पगारातून, आणि मी दुसऱ्या नंबरला. मी भावाकडे बघितलं.

"ताई, तू उगंच चिडून राह्यली," तो म्हणाला. "त्यांनी विचारलं नाव कुणाचं, मी म्हटलं टाका माझं. मीटिंगा, भांडणं, तू कुठं पडती त्याच्यात? मी काय तुझं घर घेऊन पळणार हाय का?"

तो पळणार नव्हता, हे मलाही माहीत होतं. माझ्या डोक्यावरचं एक ओझं आपण उतरवलं, असंच त्याला मनापासून वाटत होतं. लबाड माणसाशी निदान भांडता तरी येतं. याचं काय करायचं?

"ते नाव खोडा," मी सेक्रेटरींना म्हटलं.

तेव्हा आई बोलली. "असू दे की त्याचं."

"का?"

"मंग काय मी लेकीच्या घरात राहू? पोरगा असून लेकीच्या दारात पडली म्हणतील लोक."

"अकरा वर्षं माझ्याकडेच राहतेस ना, आई?"

"ते भाड्याचं हाय," ती म्हणाली. "ते कुणाचंच न्हाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षं भाडं मी भरलं, औषधं मी आणली, आणि तिच्या लेखी ती कुणाच्याच घरात राहत नव्हती. मी सेक्रेटरींच्या हातून पेन घेतलं, भावाचं नाव खोडलं, तिथे माझं लिहिलं. खाली सहसभासद म्हणून आईचं लिहिलं आणि पेन तिच्यापुढे धरलं. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. सेक्रेटरी म्हणाले, मॅडम, नवा फॉर्म देतो, खाडाखोड चालत नाही. नव्या फॉर्मवर मी माझं एकटीचंच नाव घातलं.

फ्लॅट झाला. लिफ्ट बरी चालते, सभेला मी जाते आणि भांडतेसुद्धा. आई मंठ्याला गेली, सामान हलवायच्या आदल्या आठवड्यातच. भावाचं घर दुकानाच्या वर आहे. सतरा पायऱ्या ती एकेका पायरीवर बसत चढते, असं भावजय सांगते. लोक मला म्हणतात, जुन्या वळणाची बाई आहे, समजून घे. मी केव्हाच समजून घेतलंय. समजलं म्हणून राग जातो, हे कुणी सांगितलं?

परवा फोनवर विचारलं, गुडघे कसे आहेत.

"बिलकुल बराबर हायेत," ती म्हणाली. "आपल्या घरी हाय ना मी."